पुढे: काही बोलणे झाले नाही

मंगळवार, ४ मार्च

निवृत्तीच्या दिवशी सचिवालयाने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते घरी आणेपर्यंत बंद पडलं. त्यानंतर इतकी वर्षं त्या इमारतीतल्या एकाही माणसाने ही बाई जिवंत आहे की गेली, असं विचारलं नाही. आज सकाळी उपसचिव स्वतः गाडी घेऊन दारात हजर.

"बाई, देशाला तुमची गरज आहे."

"देशाला इतकी वर्षं नव्हती. आत्ताच काय झालं?"

हा उपसचिव इतका गुळगुळीत आहे की त्याच्यावर माशी बसली तर घसरून पडेल. त्याने आवाज खाली आणून सांगितलं. गेल्या आठवड्यात नदीवरच्या पुलावर आपले दोन पहारेकरी मारले गेले. पलीकडचं सरकार म्हणतं, आम्ही नाही. लढाई करायची की नाही हे ठरवायला उद्यापासून चौघे जण बंद खोलीत बसणार. आत फोन नाही, यंत्र नाही, ध्वनिमुद्रण नाही. आणि हल्लीची मुलं ध्वनिमुद्रण ऐकून टंकतात. हाताने लघुलेखन करणारं कार्यालयात कोणी उरलेलं नाही.

"जुन्यांपैकी तुम्ही एकट्याच हयात आहात," तो म्हणाला. हे कौतुक समजायचं.

माझी धाकटी बहीण आतून ऐकत होती. तिचा मुलगा त्याच पुलाच्या चौकीवर आहे. हे मी उपसचिवाला सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

दुपारी शपथ घेतली: आत ऐकलेलं बाहेर बोलणार नाही. बोलणार नाहीच. ही वही मी लघुलिपीत लिहिते आहे. ती आता मला आणि देवाला वाचता येते, आणि देवाच्या वेगाबद्दल मला शंका आहे.

शाळेत मदर सुपीरियरने नियम घालून दिला होता: दिवस कितीही वाईट गेला तरी शेवटी एकाचे आभार मानायचे, आणि ते खरे असले पाहिजेत. साठ वर्षं पाळते आहे. दात ओठ खाऊन, पण पाळते.

आज गाडीच्या चालकाचे आभार. त्याने उपसचिवाच्या आधी माझं दार उघडलं.

बुधवार, ५ मार्च

पहिली बैठक. मला दिलेली खुर्ची इतकी बुटकी आहे की टेबल हनुवटीला लागतं. मी उंच खुर्ची मागितली. "बघतो," असं उपसचिव म्हणाला. सरकारी 'बघतो' म्हणजे काय ते मी त्याच्या जन्माआधीपासून ऐकते आहे.

चौघे असे. पंतप्रधान: कमी बोलतात, पेन्सिलीला टोक काढत बसतात. मास्तर: हे पूर्वी खरोखरच शाळामास्तर होते. पक्षाची शपथ यांनीच लिहिली. तरुणपणी त्यापायी तुरुंगातही बसले. सरसेनापती: ताठ, सभ्य, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. आणि चौथे अर्थ व पुरवठा मंत्री. त्यांना मी मनात मापाडी असं नाव ठेवलं आहे. प्रत्येक गोष्ट यांना तराजूत टाकल्याशिवाय दिसतच नाही. वर तोंडात सतत लवंग, आणि वाक्य कधी पुरं करायचं नाही.

मास्तरांचं बोलणं मात्र लिहून घ्यायला सुख आहे. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. ते म्हणाले, "पलीकडच्या काठावर आपलीच माणसं आहेत. आपण त्यांना वचन दिलं आहे. वचन पाळणं सोयीचं असतं तोवर त्याला सवय म्हणतात. गैरसोयीचं होतं तेव्हाच ते वचन होतं."

माझे डोळे भरून आले. कामावर असताना असं होता कामा नये. पण आमची आई पलीकडच्या काठावर जन्मली होती. ती म्हातारपणी खिडकीशी बसून नदीकडे बघायची, तेव्हा आम्ही तिला हाक मारत नसू.

मापाडी म्हणाले, "मास्तर, ते ठीक. पण पूल अरुंद. ट्रक सगळे पेरणीच्या... आणि इंधन, म्हणजे आहे, पण आहे म्हणजे..." गोषवाऱ्यात त्यांची क्रियापदं मी पदरची घातली.

गोषवारा आमच्या जुन्या पद्धतीनेच केला. निर्णयाच्या बैठकीचा गोषवारा चार मथळ्यांखाली लिहायचा: कारण, साधन, खर्च, पुढे. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या सुरुवातीला तो मोठ्याने वाचायचा. एखाद्या मथळ्याखाली कोणी काहीच बोललं नसेल, तरी मथळा गाळायचा नाही. तसं स्पष्ट म्हणायचं. मला शिकवणारे मुख्य वृत्तलेखक सांगायचे, "रिकामं ताटसुद्धा मांडायचं. नाहीतर कोण जेवलं नाही ते कळत नाही."

आभार मास्तरांचे. अशी वाक्यं हल्ली कोण बोलतं?

गुरुवार, ६ मार्च

बैठकीच्या सुरुवातीला वाचन. कारण: भरपूर. साधन: पुष्कळ. खर्च: थोडा. शेवटी मी वाचलं, "पुढे: काही बोलणे झाले नाही."

सरसेनापतींनी माझ्याकडे पाहिलं. पंतप्रधानांची पेन्सिल थांबली. मग मास्तर म्हणाले, "चला, कामाला लागू," आणि पुन्हा सगळे कारणावर आले. कारणावर माणसं किती वेळ बसू शकतात, हे बघून थक्क व्हायला होतं. जणू तिथे शेकोटी पेटवली आहे.

बाहेर पडताना उपसचिवाने मला कोपऱ्यात घेतलं. "बाई, तो चौथा मथळा वाचू नका. तो बंद झाला आहे."

"कधी?"

"तुमच्यानंतर. परिपत्रक निघालं होतं."

"मला मिळालेलं नाही."

"तुम्ही निवृत्त झाला होतात."

"मग आता निवृत्त नाही. परिपत्रक आणा, सहीनिशी. तोंडी हुकमाने मी स्वल्पविरामही हलवत नाही."

तो "बघतो" म्हणाला. मला हायसं वाटलं. आता ते महिनाभर सापडणार नाही.

आभार सरकारी दप्तरखान्याचे.

शनिवार, ८ मार्च

सुट्टी. कोपऱ्यावरच्या वाण्याने साबण मागे सारून दर्शनी फळीवर झेंडे लावले आहेत. मला म्हणतो, "मावशी, लढाई झालीच पाहिजे. एकदाचा सोक्षमोक्ष." मी म्हटलं, "तुझं वय काय?" म्हणाला, "पंचावन्न." म्हटलं, "मग तुझं चालेल."

घरी धाकटी शिवणयंत्रावर बसली होती. नवरा गेल्यावर तिने शिवणकामावरच मुलगा वाढवला. त्याची रजा महिनाअखेरीला आहे, म्हणून त्याच्यासाठी पँट शिवते आहे. दोन्ही पाय तयार, पण खालची दुमड घातलेली नाही. पायाची लांबी अंगावर बघितल्याशिवाय ती कोणाचीच दुमड घालत नाही, मग तो तिच्या पोटचा का असेना.

"ताई, रजा रद्द होईल का गं?"

"मला काय माहीत?"

"तुला गाडी न्यायला येते. मला ट्रामला सुट्टे शोधावे लागतात. तुला माहीत नसेल तर कोणाला?"

"मी शपथ घेतली आहे."

"मी कुठे काय विचारलं? मी फक्त तुझ्याकडे बघते आहे."

आणि तिने खरंच बघितलं. मी बटाटे सोलत होते. निम्मा बटाटा सालासकट गेला.

आभार धाकटीचे. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सोमवार, १० मार्च

आज सगळं फिरलं. मी असं होईल असं धरलं नव्हतं.

रविवारी बातमी आली की पलीकडच्या सरकारात फूट पडली आहे, निम्मं सैन्य राजधानीत अडकलं आहे. मापाड्यांनी लवंग काढून ठेवली आणि म्हणाले, "मग आत्ताच. पुन्हा इतकं स्वस्त नाही मिळणार. बंदर आपल्याकडे आलं तर दहा वर्षांत वसूल." वाक्यं आज पुरी होती. फायदा दिसला की व्याकरण सुधारतं, असं दिसतं.

मास्तर उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "तुम्हालाही शेवटी ते लोक दिसले."

मापाडी म्हणाले, "मला बंदर दिसलं, मास्तर. पण वाट एकच आहे, चला."

मला संताप आला. एकाला वचन पाळायचं आहे, दुसऱ्याला भाव चांगला मिळतो आहे, आणि दोघे हातात हात घालतात. पवित्र कामाला असा सोबती मिळाला तर ते पवित्र राहतं का? पण खरं सांगायचं तर माझं मन मास्तरांच्या बाजूनेच होतं. आईचं गाव दिसेल, असंही वाटून गेलं.

मग पंतप्रधानांनी सरसेनापतींना खर्च विचारला. ते नकाशावर बोट ठेवून, नेहमीच्या सभ्य आवाजात म्हणाले, "आपण वरच्या उतारावरून नदी पार करू. पूल त्यांना पहिल्या तासात हवा असेल. पुलावरची चौकी आपल्याला राखता येणार नाही. ती गेलीच, असं धरूनच आराखडा केला आहे."

"किती माणसं?" पंतप्रधान.

"चाळीसेक."

माझ्या हाताने ते लिहून घेतलं. हाताचं कामच आहे. कानातून बोटात जातं, मध्ये कुठे थांबत नाही. चाळीसेक. नीट उमटलं आहे, आत्ता पुन्हा पाहिलं. स्वच्छतागृहात हात धुताना ते मला कळलं. नळ चालूच राहिला असावा, कारण सफाईवाल्या बाईंनी येऊन बंद केला. "बरं वाटत नाही का, बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खुर्ची बुटकी आहे."

घरी धाकटीने विचारलं, चहा टाकू का. मी म्हटलं, टाक.

आभार सफाईवाल्या बाईंचे.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी वाटलं, सांगून टाकावं की माझा भाचा तिथे आहे, मला मोकळं करा. म्हणजे मग आत दुसरं कोण बसणार? कोणीच नाही. मग वाचणार कोण? गेले.

वाचन. खर्च या मथळ्याखाली सरसेनापतींचं वाक्य शब्दशः वाचलं: "पुलावरची चौकी आपल्याला राखता येणार नाही. ती गेलीच, असं धरूनच आराखडा केला आहे." आवाज सपाट होता. शाळेत मदर सुपीरियरने आम्हाला इस्त्री केलेल्या कापडासारखं वाचायला शिकवलं होतं. रडू, राग, आपलं मत, काही दिसता कामा नये. तिच्या त्या शिस्तीला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. आज तीच कामाला आली.

मग, "पुढे." इथे मला थांबावं लागलं. पाण्याचा पेला उचलला, प्यायले, पेला खाली ठेवला. चौघेही बघत होते. माणसाने पाणीसुद्धा पिऊ नये की काय? "काही बोलणे झाले नाही."

पंतप्रधान म्हणाले, "पुन्हा वाचा."

"कुठून, साहेब?"

"खर्चापासून."

पुन्हा वाचलं. तितकंच सपाट.

मास्तर चिडले. इतक्या दिवसांत प्रथमच. "हे काय रोज रोज? पुढे म्हणजे काय ते पोरालाही कळतं. पुढे विजय. लिहा बाई: विजय."

मी लिहिलं. माझं काम लिहिण्याचं आहे.

बैठकीनंतर उपसचिव काही बोलणार होता. मी नुसती भुवई उचलली. परिपत्रक अजून सापडलेलं नाही.

आभार मदर सुपीरियरचे. हे इतक्या उशिरा पोचत असतील तर माफी.

बुधवार, १२ मार्च

आजची नोंद नीट लिहिते, कारण काय झालं ते मला अजून उलगडलेलं नाही.

वाचन. शेवटी, "पुढे: विजय." पाच पानांची कारणं, चार पानांची साधनं, आणि खाली हा एकटा शब्द. मोठ्या हवेलीत एकच खुर्ची असावी, तसा वाटला. मी काही केलं नाही. जसं होतं तसं वाचलं.

मापाडी लवंग चघळत म्हणाले, "बरं. विजय झाला. मंगळवारी झाला, असं धरू. बुधवारी सकाळी पाव कोण भाजणार?"

सरसेनापती हसले. पंतप्रधान हसले नाहीत.

"कुठला पाव?" मास्तरांनी विचारलं.

"पलीकडचा. तिथली माणसं आपली, बरोबर ना? मग त्यांच्या पोटाचीही जबाबदारी आपली. आपण त्यांच्या गिरण्या उडवणार, आराखड्यात आहेत. साधन, दुसरं पान. बाई, आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं. विचारलं म्हणून.

"म्हणजे आपली माणसं, आपण सोडवलेली, आणि उपाशी. थंडी अजून... आणि ज्यांची पोरं त्यांच्या सैन्यात आहेत, तीही आपलीच माणसं, नाही का? त्यांच्या आयांना काय..." इथे ते अडखळले. पुन्हा वाक्यं तुटायला लागली होती.

मास्तर म्हणाले, "सोमवारी तुम्हीच हो म्हणालात."

"सोमवारी स्वस्त दिसलं. मी खर्च वाचला, पुढचा मथळा बघितला नाही. गिऱ्हाईक नेहमी तिथेच फसतं."

"तुम्हाला माणसं दिसतच नाहीत. पोती दिसतात."

"हो. मला पोत्यांतूनच दिसतात, मास्तर. किती पोती, म्हणजे किती तोंडं. तुम्हाला एकदम लोक दिसतात. लोकांना तोंड नसतं."

हे मी लिहून घेतलं आणि हात क्षणभर थांबला. वाक्यं पुरी होती आणि फायदा तर कुठेच नव्हता. असो, लवंगेने जीभ सैल होत असेल.

पंतप्रधानांनी मास्तरांना विचारलं, "तुम्ही सांगा. पुढे काय लिहायचं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मी पेन्सिल टेकवली. पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. चाळीस वर्षं लघुलेखन केलं; कोऱ्या जागेला खूण नाही, हे आज प्रथम खटकलं. शेवटी ते म्हणाले, "ते तेव्हाचं तेव्हा बघता येईल."

'बघता येईल.' त्यांच्या तोंडी उपसचिवाचा शब्द ऐकून मला फार वाईट वाटलं. तेच लिहिलं. पुढे: तेव्हाचं तेव्हा बघता येईल.

बैठक उद्यावर गेली. बाहेर मास्तर खांबाशी एकटे उभे होते. मी गेले तशी म्हणाले, "बाई, तुमची आई पलीकडची ना? कोणीतरी सांगितलं होतं. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

काय कळायला हवं होतं? मी फक्त वाचते.

त्यांच्या कोटाचं एक बटण तुटलं होतं. तुरुंगात बसलेला माणूस. त्यांना घरी कोणी नाही.

आज कोणाचे आभार मानावेत ते सुचत नाही. उद्या दोन मानेन.

गुरुवार, १३ मार्च

लढाई नाही.

वाचन झाल्यावर पंतप्रधानांनी सगळ्या पेन्सिली एका रांगेत ठेवल्या आणि म्हणाले, "चौथ्या मथळ्याखाली लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. असं काही असेल तेव्हा पुन्हा बसू. तोवर दूत पाठवा." पुलावर दोन्हीकडच्यांचा मिळून पहारा, मारेकऱ्यांची मिळून चौकशी, आणि बदल्यात आपण त्यांना धान्य स्वस्त देणार. धान्याचा भाव मापाड्यांनी तिथेच सांगितला, दोनदा कमी केला, आणि स्वतःवरच चरफडले.

मास्तर एकच वाक्य बोलले: "माझी असहमती नोंदवा." नोंदवली. राजीनामा त्यांनी दिला नाही.

आता चीड कशाची येते ते लिहिते. हा काय निर्णय झाला? वचन खोटं होतं, असं कोणी म्हणालं नाही. युद्ध वाईट, असंही कोणी म्हणालं नाही. गिरण्या, पोती आणि पाव यांच्यावर एका देशाची लढाई थांबली. चाळीस पोरांचं नावही कोणी काढलं नाही. मोठी गोष्ट मोठ्या कारणाने व्हावी, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

घरी आले. धाकटीने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही. शपथ आहे. मी म्हटलं, "भूक लागली आहे. दोन अंडी टाक. पाव आहे का?"

ती तिथेच चपलांच्या फळीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी म्हटलं, "अगं, अंडीच मागितली." ती म्हणाली, "आठ दिवसांत पहिल्यांदा मागितलीस, ताई."

आभार, दोन: एक पंतप्रधानांचे. दुसरे, आणि हे लिहिताना माझा हात दुखतो आहे, मापाड्यांचे.

शुक्रवार, १४ मार्च

मला मोकळं केलं. उपसचिव दारापर्यंत आला. "बाई, परिपत्रक सापडलं," असं म्हणून ते त्याने मला विजयी मुद्रेने दाखवलं. वरातीमागून घोडं. मी वाचलं. 'वेळेची बचत व्हावी म्हणून चौथा मथळा रद्द करण्यात येत आहे.' खाली सही मापाड्यांची. तेव्हा ते प्रशासन खात्यात होते.

तेवढ्यात ते स्वतःच मागून आले. काखेत उशी होती, आपल्या खुर्चीवरची. ती त्यांनी मला दिली. "बाई, खुर्ची बुटकी होती तुमची. रोज बघत होतो, पण..." नेहमीप्रमाणे वाक्य तिथेच. मग कागदाकडे बघून म्हणाले, "बरं झालं, हे तुम्हाला कोणी कळवलं नाही."

याला काय म्हणावं? निवृत्त माणसाला परिपत्रकं न पाठवणं या लोकांना उलट शाबासकीचं काम वाटतं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "साहेब, कळवलं असतं तर नियमाने वागले असते."

"तेच म्हणतो," ते म्हणाले आणि एकटेच हसत निघून गेले. विचित्र माणूस.

उशी चांगली आहे. आत खरा कापूस आहे.

सोमवार, १७ मार्च

रेडिओवर मास्तरांचं भाषण. विषय: आपली शांततेची परंपरा. "शांतता राखणं सोयीचं असतं तोवर तिला सवय म्हणतात. गैरसोयीचं होतं तेव्हाच ती परंपरा होते." तेच कर्ते, तीच क्रियापदं, नुसतं आतलं नाम बदललं. त्या दिवशी माझे डोळे ज्या वाक्याने भरले, त्याच वाक्यात आज दुसरंच काही ठेवलेलं होतं. मी रेडिओ बंद करायला उठले.

धाकटी म्हणाली, "राहू दे ना. किती छान बोलतात."

राहू दिला. बोलता बोलता एका ठिकाणी त्यांचा आवाज अडला. कागद खाली पडला असावा. दुसऱ्या कोणाला कळलं नसेल. मला अडलेली जागा कळते. त्या माणसाने पलीकडच्या लोकांसाठी तारुण्य घातलं, आणि आज हे भाषणही त्यालाच करायला लावलं. त्यांच्याबद्दल काय वाटून घ्यावं ते अजून ठरत नाही.

वाण्याने झेंडे काढून पुन्हा साबण लावला. म्हणतो, "शांतताच बरी, मावशी. मी आधीपासून म्हणतच होतो."

आभार साबणाचे.

रविवार, ३० मार्च

काल दुपारी भाचा आला. उन्हाने काळा, हाताला जखम (पत्र्याने कापलं म्हणे), आणि तोंड फुगलेलं. पाया पडला, बूट दारातच काढले, आणि पहिलं वाक्य: "मावशी, तुम्ही शहरातली माणसं काय समजता आम्हाला? आम्ही तयार होतो. वरच्या लोकांनी कच खाल्ली."

मी म्हटलं, "बस आधी."

"चौकीवरच्या सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. पहिला मान आमचा होता. पूल आमच्या हातात होता."

"हो का?" मी म्हटलं.

"तू तर सचिवालयात होतीस ना? तिथे कोणाच्यात दम नव्हता का?"

शपथ म्हणजे काय चीज आहे, ते मला काल कळलं. माझ्या जिभेवर एक वाक्य होतं, शब्दशः, नकाशावर बोट ठेवलेल्या माणसाच्या सभ्य आवाजासकट. ते मी गिळलं. वर पाणी प्यायले. म्हटलं, "मी तिथे फक्त वाचायला होते. आता आईसमोर उभा राहा, तिचे हात शिवशिवताहेत."

धाकटीने त्याला स्टुलावर चढवलं. नवी पँट अंगावर, टाचण्या तिच्या ओठांत. तो वरून बडबडत होता. आता पलीकडचा एक पहारेकरी रोज याच्यासोबत उभा असतो. एकमेकांशी बोलायला मनाई आहे, म्हणून दोघे नदीकडे तोंड करून मोठ्याने स्वतःशीच बोलतात. त्यालाही वाटतं की त्याच्या सरकारने कच खाल्ली. त्याच्याही तुकडीला पहिला मान होता. "त्याची आईसुद्धा पँटी शिवते," भाचा म्हणाला, "पण लांब होतात म्हणे."

"हलू नकोस," धाकटी टाचण्यांतून म्हणाली.

"अजून किती वेळ?"

"झाला दुसराही पाय. ताई, तू बघ गं, दोन्ही दुमडी सारख्या आहेत ना?"

मी मापाड्यांची उशी जमिनीवर टाकली, गुडघे टेकून तिच्यावर बसले आणि बघितलं. दोन घोटे, दोन टाचा, उजव्या पायाचं एक नख काळं पडलेलं. दोन्ही पाय स्टुलावर घट्ट. उठावंसं वाटेना.

"सारख्या आहेत," मी म्हटलं.

"मग इतका वेळ काय बघतेस?"

"मोजून घेते."

आज तो अजून झोपला आहे, सकाळ केव्हाच उलटून गेली तरी. धाकटी यंत्रावर बसून हळू पायाने दुमड घालते आहे, त्याची झोप मोडू नये म्हणून. मघाशी तिने विचारलं, "तुझ्या त्या आभारांच्या यादीत कोणी राहिलं का गं आता?" मी सगळी आठवली. चालक, मास्तर, दप्तरखाना, धाकटी, सफाईवाल्या बाई, मदर, पंतप्रधान, मापाडी, साबण. म्हटलं, "नाही, सगळ्यांचे झाले." ती माझ्याकडेच बघत राहिली, मग मान हलवून पुन्हा शिवायला लागली. ही बाई कधी सरळ काही बोलेल तर शपथ.

सवयीने या पानावर चार मथळे पडले आहेत. वरचे तीन रिकामे आहेत आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पुढे: दुमड घातली. तो उठला की चहा टाकायचा आहे.